यहोवा हे नाव किती जुनं? आधी दगड काय म्हणतात ते पाहू

प्रश्न थोडक्यात असा आहे: हिब्रू बायबलमधल्या देवाचं ‘यहोवा’ हे नाव कधीपासूनचं? मोशेच्या आधी ते कुणाला माहीत होतं का? आणि सुदानमधल्या एका इजिप्शियन देवळात ते सव्वातीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं सापडलं म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

बायबलकालीन हिब्रू आणि त्या काळचे कोरीव लेख शिकवणं हे माझं काम. हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा एकच एक साल हवं असतं. तसं साल कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यापासून जरा जपून राहा. आपल्या हातात एक पक्की तारीख आहे, इ.स.पू. ८४० च्या आसपासची. तिच्याही मागे पाचशे वर्षांवर दुसरा एक पुरावा आहे. तो अस्सल आहे, पण नेमका कशाचा पुरावा आहे यावर वाद आहे. या दोहोंच्या मधे इस्राएलच्या देवाचं नाव लिहिलेला खात्रीचा एकही लेख नाही. तिथे जुन्या कविता, माणसांची नावं आणि तर्क यांवरच भागवावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. नाव इस्राएलपेक्षा जुनं आहे, ते कनानच्या दक्षिणेकडून, अदोम आणि मिद्यानच्या कोरड्या मुलखातून आलं, आणि इस्राएलने ते नंतर आपलंसं केलं. आता कारणं.

मूळ नाव चार अक्षरांचं आहे: योद, हे, वाव, हे. उजवीकडून डावीकडे लिहिलेली चार व्यंजनं. जुन्या हिब्रूत स्वर लिहीत नसत, त्यामुळे कोरीव लेखांविषयी बोलताना मी ‘यहवह’ असंच लिहीन. ‘यहोवा’ हे रूप बरंच अलीकडचं आहे, त्याकडे शेवटी येऊ. हिब्रू बायबलमध्ये हे नाव ६,८०० हून अधिक वेळा येतं. मराठी बायबल वाचणाऱ्याला ते सहसा दिसत नाही, कारण तिथे ‘परमेश्वर’ छापलेलं असतं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या ओळीत मुळात एक विशेषनाम आहे, कमोश किंवा बआल यांच्यासारखंच. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं जातं. त्या काळी प्रत्येक छोट्या राज्याचा आपापला देव होता. मवाबचा कमोश, अम्मोनचा मिलकोम, इस्राएल आणि यहूदाचा यहवह.

पक्की तारीख मिळते ती शत्रूच्या तोंडून. १८६८ साली फ्रेडरिक क्लाइन नावाच्या मिशनऱ्याला आजच्या जॉर्डनमधल्या धीबान इथे काळ्या बेसाल्टचा एक शिलालेख दाखवण्यात आला. मवाबच्या मेशा राजाचा हा दगड, म्हणजे बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात ज्याची गोष्ट आहे तोच मेशा. दगडासाठी युरोपियनांची चढाओढ लागली, तुर्की अधिकाऱ्यांचा दबाव आला, आणि तिथल्या बेदुइनांनी तो तापवून, वर गार पाणी ओतून फोडला. नशीब असं की त्याआधी जेरुसलेमच्या फ्रेंच दूतावासातल्या क्लेर्मों-गानो या तरुण अभ्यासकाने माणूस पाठवून त्याचा कागदी ठसा घेऊन ठेवला होता. त्या फाटक्या ठशावरून आणि गोळा केलेल्या तुकड्यांवरून दगड पुन्हा जोडला गेला. आज तो पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे.

लेख ३४ ओळींचा. मेशा सांगतो की इस्राएलच्या अम्री राजाने मवाबला पुष्कळ वर्षं छळलं, कारण कमोश आपल्या देशावर रागावला होता. मग कमोशने मेशाला सांगितलं, जा, इस्राएलकडून नबो घे. तो रात्री निघाला, पहाट फुटल्यापासून दुपारपर्यंत लढला, नगर घेतलं, सात हजार माणसं मारली. आणि अठराव्या ओळीत येतं: तिथून मी यहवहची पात्रं घेतली आणि कमोशपुढे फरफटत नेली. ‘पात्रं’ या शब्दाची सुरुवातीची अक्षरं तुटली आहेत, तो शब्द अभ्यासकांनी भरला आहे. पण त्यानंतरची चार अक्षरं स्वच्छ आहेत: योद, हे, वाव, हे. पूर्ण नाव, कुठलाही संक्षेप नाही. मला या ओळीचं महत्त्व वाटतं ते तिच्या सहजपणामुळे. हा यहवह कोण, हे मेशाला सांगावं लागत नाही. नवव्या शतकाच्या मध्यावर मवाबच्या वाचकालाही ठाऊक होतं की इस्राएलचा देव म्हणजे यहवह. म्हणजे नाव त्याआधी बरंच रुळलेलं असणार.

किती आधी? इथे माणसांची नावं मदतीला येतात. देवाचं नाव जोडून मुलाचं नाव ठेवायची चाल तिकडे सर्रास होती. यहवह नावात आलं की त्याचं ‘याहू’, ‘याह’, ‘यो’ किंवा ‘येहो’ होतं. अहाब राजाची गोष्ट घ्या. बआलची भक्ती केली म्हणून बायबल त्याला धारेवर धरतं, पण त्याने पोरांची नावं ठेवली अहज्या आणि यहोराम. दोन्हींत यहवह आहे. त्याच्या घराण्याचा काटा काढणारा येहू, त्याच्या नावाचा अर्थच ‘तोच याहू’. हा येहू शाल्मनेसर तिसरा या असीरियन राजाच्या काळ्या स्तंभावर आहे, इ.स.पू. ८४१ ची खंडणी, सोबत कोरलेलं नाव. त्याहून मागे गेलं तर शौलाचा मुलगा योनाथान, म्हणजे इ.स.पू. १००० च्या सुमाराची पिढी. ते नाव फक्त बायबलमध्ये आहे, दगडावर नाही. पण त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाच्या नावात बआल आहे, आणि नंतरच्या लेखकांना ते इतकं खटकलं की त्यांनी ते बदलून टाकलं. अशी अडचणीची माहिती कुणी मुद्दाम रचत नाही. म्हणून त्या नावांवर माझा विश्वास बसतो.

त्याआधीच्या पिढ्यांत मात्र यहवहयुक्त नावं विरळ होत जातात. आणि सगळ्यांत बोलकं नाव म्हणजे खुद्द ‘इस्राएल’. त्याच्या शेवटी ‘एल’ आहे. एल हा कनानी लोकांचा थोरला देव; सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित इथे १९२९ पासून सापडलेल्या मृत्पट्टिकांमध्ये तो म्हातारा, दाढीवाला, देवसभेचा प्रमुख म्हणून भेटतो. तिथे त्याची पत्नी अथिरत, म्हणजेच बायबलमधली अशेरा. बआल आहे, अनत आहे, समुद्रदेव यम्म आहे. त्या देवमंडळात यहवहला कुठे खात्रीची जागा नाही. फारोह मर्नेप्ताहच्या शिलालेखात, म्हणजे इ.स.पू. १२०८ च्या सुमारास, ‘इस्राएल’ हा लोकसमूह कनानमध्ये आहे. तो समूह स्वतःला एलच्या नावाने ओळखत होता. यहवहच्या नावाने ओळखत असता, तर कदाचित आपण ‘इस्रायाहू’ असं काहीतरी वाचत असतो. यातून मी एवढंच घेतो: हा समूह बांधला गेला तेव्हा त्याचा देव एल होता, यहवह त्यांच्याकडे बाहेरून आला.

बाहेरून म्हणजे कुठून? याचं उत्तर बायबलमधल्या सर्वांत जुन्या समजल्या जाणाऱ्या कवितांमध्येच आहे, आणि त्या एकमुखाने बोलतात. दबोरेच्या गीतात, शास्ते ५ मध्ये, यहवह सेईरातून निघतो, अदोमाच्या रानातून चालत येतो, तेव्हा धरणी कापते आणि ढग गळू लागतात. अनुवाद ३३ मध्ये तो सिनायहून येतो, सेईरावरून उगवतो, पारान डोंगरावरून झळकतो. हबक्कूक ३ मध्ये तो तेमानाहून येतो. सेईर, अदोम, पारान, तेमान ही सगळी ठिकाणं मृत समुद्राच्या दक्षिणेकडची. पुढे यहवहचं मुख्य ठाणं जेरुसलेमचा सियोन डोंगर झाला, पण या कवितांना सियोन ठाऊकच नाही. जेरुसलेमच्या पुजाऱ्यांनी आपल्या देवाचं घर परक्या आणि वैरी अदोमात नेऊन ठेवलं असतं, हे पटत नाही. जुनी आठवण आहे, पुसता आली नाही.

त्या आठवणीला दगडाचा नाही, पण मडक्याचा दाखला आहे. सिनायच्या वाळवंटात, कादेश-बर्न्याच्या दक्षिणेला, कुंतिल्लेत अजरूद नावाची एक एकाकी टेकडी आहे. झेव मेशेल यांनी १९७५-७६ मध्ये तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. ८०० च्या सुमाराचा वाटसरूंचा मुक्काम असावा असं ठिकाण. तिथे साठवणीचे दोन मोठे रांजण सापडले, त्यांवर शाईने चित्रं काढलेली आणि मजकूर लिहिलेला. एका रांजणावर ‘शोमरोनचा यहवह आणि त्याची अशेरा’ यांच्या नावे आशीर्वाद आहे. दुसऱ्यावर अमर्याव नावाचा माणूस आपल्या धन्याला कळवतो, तुम्ही बरे आहात ना, तेमानच्या यहवहच्या आणि त्याच्या अशेरेच्या नावाने मी तुम्हाला आशीर्वाद देतो, तो तुम्हाला आशीर्वाद देवो, राखो आणि माझ्या धन्याबरोबर राहो.

लोक इथे अशेरेवर तुटून पडतात. देवाला बायको होती, म्हणून! तो वाद वेगळा आहे: इथली अशेरा म्हणजे देवी, की देवळातला पवित्र खांब, यावर एकमत नाही, हिब्रू व्याकरणात विशेषनामाला ‘त्याची’ असा प्रत्यय लागत नाही, ही अडचण आहेच. हेब्रोनजवळच्या खिर्बेत अल-कोम इथल्या थडग्यातही हीच जोडी आहे. पण वयाच्या प्रश्नासाठी मला तो ‘तेमानचा’ हा शब्द जास्त मोलाचा वाटतो. शोमरोनचा यहवह समजू शकतो, ती इस्राएलची राजधानी होती. तेमान म्हणजे दक्षिण, अदोमाचा मुलूख. तिथे इस्राएलचं राज्य नव्हतं. तरीही इ.स.पू. आठव्या शतकाच्या उंबरठ्यावर एक वाटसरू तिथल्या यहवहची शपथ घेतल्यासारखं नाव घेतो आहे.

आता नूबियाकडे वळू. सोलेब हे गाव उत्तर सुदानमध्ये, नाईलच्या पश्चिम काठावर आहे. तिथलं देऊळ आमेनहोतेप तिसरा या फारोहने बांधलं. त्याची कारकीर्द साधारण इ.स.पू. १३९० ते १३५२. मिकेला स्कीफ जॉर्जिनी यांनी १९५७ पासून तिथे काम केलं. देवळाच्या खांबांवर फारोहने जिंकलेल्या, किंवा जिंकल्याची फुशारकी मारलेल्या, प्रदेशांची यादी आहे. प्रत्येक प्रदेशासाठी एक कैदी, हात मागे बांधलेले, आणि त्याच्या धडाच्या जागी तटबंदीसारखी नक्षी असलेलं लंबगोल वर्तुळ, वर्तुळात नाव. त्यातल्या एका वर्तुळात लिहिलं आहे ‘ता शासू यहवा’. म्हणजे शासूंचा मुलूख, यहवा. शासू हे इजिप्शियनांनी गुरं-मेंढरं राखत फिरणाऱ्या टोळ्यांना दिलेलं नाव. पुढे शंभरेक वर्षांनी रामसेस दुसरा याने अमारा-पश्चिम इथल्या देवळात अशीच यादी कोरवली, त्यातही हे नाव आलं.

अक्षरं जुळतात का? जुळतात. इजिप्शियन लिपीत ‘ह’चे निरनिराळे उच्चार वेगळ्या चिन्हांनी दाखवतात, आणि इथे वापरलेला ‘ह’ हिब्रू ‘हे’ला मिळणाराच आहे. य, ह, व हा क्रमही तोच. शेवटचा ‘आ’ परकी नावं लिहायच्या त्यांच्या पद्धतीत नुसती स्वराची खूण असू शकतो. म्हणून ध्वनीच्या बाजूने आक्षेप घ्यायला मला जागा दिसत नाही.

खरा आक्षेप दुसरा आहे. यादी प्रदेशांची आहे, देवांची नाही. इथे ‘यहवा’ हे ठिकाणाचं किंवा टोळीचं नाव आहे. मग त्याचा देवाशी संबंध काय? मुंबईचं नाव मुंबादेवीवरून पडलं, तसं हेही असू शकतं. असीरियात तर अश्शूर हे शहरही होतं आणि देवही. म्हणून ‘शासूंचा यहवा मुलूख’ म्हणजे यहवह नावाच्या देवाचा, किंवा त्याच्या डोंगराचा मुलूख, हे अगदी शक्य आहे. शक्य आहे, सिद्ध नाही. दुसरा वाद जागेचा. अमाराच्या यादीत याच ओळीत आणखी एक नाव आहे, ते बहुतेकजण ‘सेईर’ असं वाचतात आणि मग सगळा गट अदोमात बसवतात. त्या नावात एक ‘र’ जास्तीचा आहे. मायकेल आस्टूर यांनी १९७९ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवून हा गट दक्षिणेला नव्हे, उत्तरेला लेबनॉन-सीरियाकडे नेला. मला ते पटत नाही, कारण शासू अदोमात होते हे इजिप्तच्या इतर कागदांतून स्पष्ट आहे. मर्नेप्ताहच्या काळातल्या एका पपायरसवर सीमेवरचा अधिकारी वरिष्ठांना कळवतो की अदोमाच्या शासू टोळ्यांना त्यांची गुरं जगावीत म्हणून आम्ही किल्ल्यातून पलीकडच्या तळ्यांकडे सोडलं. रामसेस तिसरा तर सेईरच्या शासूंना धुळीस मिळवल्याचं सांगतो. तरीही सोलेबच्या खांबाकडे बोट दाखवून ‘हे बघा, निर्गमाचा, म्हणजे मोशेने इस्राएलला इजिप्तमधून बाहेर काढल्याचा, पुरावा’ म्हणणारे जे भेटतात, त्यांना मी थांबवतो. त्या खांबावर मोशे नाही, इस्राएल नाही, देऊळ नाही. एक नाव आहे आणि मेंढपाळ आहेत. तेवढंही पुष्कळ आहे.

हे सगळं एकत्र ठेवलं की एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांनी मांडलेला मिद्यानी-केनी सिद्धान्त, म्हणजे यहवह इस्राएलकडे दक्षिणेच्या मिद्यानी आणि केनी टोळ्यांकडून आला हे मत, अजून का टिकून आहे ते कळतं. निर्गम ३ उघडून पाहा. मोशे आपला सासरा इथ्रो याची मेंढरं चारताना देवाच्या डोंगराजवळ जातो, आणि तिथे त्याला हे नाव कळतं. हा इथ्रो कोण? मिद्यानाचा याजक. निर्गम १८ मध्ये तोच इथ्रो होमबली आणि यज्ञ आणतो, आणि अहरोन व इस्राएलचे वडीलधारे त्याच्या पंगतीला देवासमोर जेवायला बसतात. यजमान इथ्रो आहे, पाहुणे इस्राएल. अर्थात त्याच अध्यायात इथ्रो म्हणतो, ‘आता मला कळलं की यहवह सर्व देवांहून थोर आहे’. हे वाक्य नव्याने विश्वास ठेवणाऱ्याचं आहे, असंही कुणी म्हणेल आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट डावलता येत नाही. पुढे मिद्यानी लोक इस्राएलचे हाडवैरी झाले. गणना ३१ मध्ये त्यांची कत्तल आहे, शास्ते ६ ते ८ मध्ये गिदोन त्यांच्याशी लढतो. अशा लोकांच्या याजकाला मोशेचा सासरा कोण मुद्दाम बनवेल? आधीपासून सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट असल्यामुळेच ती राहिली.

एलातच्या उत्तरेला तिम्ना इथे तांब्याच्या जुन्या खाणी आहेत. तिथे इजिप्शियनांचं हाथोर देवीचं छोटं देऊळ होतं. इजिप्शियन निघून गेल्यावर मिद्यानी खाणकामगारांनी हाथोरचे चेहरे विद्रूप केले आणि त्या जागेवर तंबू उभारून आपलं देऊळ केलं. बेनो रोथेनबर्ग यांना लाल-पिवळ्या कापडाचे अवशेष आणि सोनेरी डोक्याचा तांब्याचा साप सापडला. बायबलमधला मोशेचा पितळी साप आणि निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू, आठवणारच. मोह होतो, पण तिम्नात यहवहचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून मी ते पुरावा म्हणून मोजत नाही.

मोशेच्या आधी नाव माहीत होतं का, यावर बायबल स्वतःच दोन उत्तरं देतं. उत्पत्ती ४:२६ म्हणतं की आदामाचा नातू अनोश याच्या काळापासून लोक यहवहच्या नावाने धावा करू लागले. निर्गम ६:३ मध्ये देव मोशेला सांगतो, अब्राहाम, इसहाक, याकोब यांना मी एल शद्दाय म्हणून दिसलो, यहवह या नावाने त्यांना प्रकट झालो नाही. हा विसंवाद काही आधुनिक नास्तिकांनी शोधून काढलेला नाही. झाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने १७५३ साली, श्रद्धा जराही न सोडता, एके ठिकाणी एलोहीम, म्हणजे ‘देव’, आणि दुसरीकडे यहवह का येतं याचा माग काढला आणि उत्पत्तीमागे वेगवेगळे लेखी स्रोत आहेत असं मांडलं. गंमत अशी की निर्गम ६ मध्येच, सतरा ओळी पुढे, मोशेच्या आईचं नाव येतं: योखबेद. तिच्या नावातच ‘यो’ आहे! माहीत नसलेल्या देवाचं नाव तिच्या आईबापांनी कुठून आणलं? काहीजण त्या ‘यो’ची दुसरी फोड करून पाहतात, ती मला ओढूनताणून केलेली वाटते. माझ्या वाचनात निर्गम ६:३ ही एक प्रामाणिक आठवण आहे: आमचे पूर्वज एलला भजत होते, हे नाव आमच्याकडे नंतर आलं. अनुवाद ३२ मध्ये तर परात्पर देव राष्ट्रांची वाटणी करतो आणि यहवहच्या वाट्याला याकोब येतो. प्रचलित हिब्रू पाठात ही वाटणी ‘इस्राएलपुत्रांच्या’ संख्येप्रमाणे आहे, पण मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या एका तुकड्यात ‘देवपुत्रांच्या’ असं आहे. तो जुना पाठ घेतला, तर एल आणि यहवह अजून एक झालेले नाहीत अशा काळाची ती शेवटची चाहूल वाटते.

यापेक्षा फार जुने दावे अधूनमधून उठतात. फ्रीडरिश डेलिच यांनी १९०२ मध्ये बर्लिनला कैसरसमोर व्याख्यान देऊन सांगितलं की हे नाव हम्मुराबीच्या काळच्या बाबिलोनी पट्टिकांत आहे. जर्मनीत गहजब झाला, पण ती नावं वेगळ्या प्रकारेच वाचायची निघाली. १९७० च्या दशकात सीरियातल्या एब्लाच्या पट्टिकांत ‘या’ सापडल्याची हाकाटी झाली, तीही विरली. सीरियातल्याच मारी या जुन्या नगराच्या पट्टिकांत ‘यहवी’ने सुरू होणारी अमोरी नावं आहेत, पण तिथे ते क्रियापद आहे, देव नव्हे. ताजं उदाहरण एबाल डोंगराचं. २०२२ मध्ये जाहीर झालं की तिथल्या जुन्या उत्खननाच्या मातीच्या ढिगातून निघालेल्या, दोन सेंटिमीटरच्या शिशाच्या घडीत इ.स.पू. तेराव्या शतकातला शाप आणि त्यात देवाचं नाव आहे. पुढच्या वर्षी निबंध आला. प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत बहुतेक लिपितज्ज्ञांना अक्षरंच दिसेनात. ते जाळ्याला लावायचं वजन असावं असंही सुचवलं गेलं. मला त्या चित्रांत चरे दिसतात, अक्षरं नाहीत.

अर्थाबद्दल फार बोलणार नाही. निर्गम ३:१४ मधलं ‘मी आहे तो आहे’ हे नावाचं हिब्रू स्पष्टीकरण आहे, ‘असणे’ या धातूवर केलेला खेळ. नाव तोवर इतकं जुनं झालं होतं की त्याचा अर्थ लावावा लागत होता. जर्मन अभ्यासक वेलहाउझेन यांनी अरबी ‘हवा’, म्हणजे वाहणे, या धातूकडे बोट दाखवलं. वादळ घेऊन येणाऱ्या देवाला तो शोभतो खरा. कुराणात नूहच्या सूरेत यगूस, यऊक अशी अरबस्तानातल्या जुन्या देवांची नावं आहेत, तीही ‘य’ने सुरू होणाऱ्या क्रियापदासारखी. यहवह हे नाव त्या घाटाचं आहे, आणि तेही दक्षिणेकडेच बोट दाखवतं.

उरला उच्चार. राज्य होतं तोवर हे नाव लोक बिनदिक्कत घेत. लाखीश इथे १९३५ मध्ये सापडलेल्या खापरांवर एक लष्करी अधिकारी बाबिलोनी सैन्य दारात असताना वरिष्ठाला लिहितो, यहवह माझ्या धन्याला आज शांतीची वार्ता ऐकवो. रोजचा नमस्कार, दुसरं काही नाही. जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोम इथे १९७९ मध्ये गाब्रिएल बार्काय यांना चांदीच्या पत्र्याच्या दोन गुंडाळ्या सापडल्या, थडग्यातले ताईत. मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर भरली. उलगडायलाच काही वर्षं लागली, आणि आत केसाएवढ्या रेघांनी गणना ६ मधला याजकांचा आशीर्वाद आणि हे चार अक्षरी नाव होतं. बायबलमधला हा आज हाती असलेला सर्वांत जुना मजकूर, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकाच्या सांध्यावरचा. पाचव्या शतकात नाईलमधल्या एलिफन्टाइन बेटावरचे यहुदी सैनिक ‘याहू’ असं तीन अक्षरांत लिहीत. त्यांचं तिथलं याहूचं देऊळ इ.स.पू. ४१० मध्ये पाडलं गेलं, तेव्हा त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला केलेला अर्ज आजही वाचता येतो.

जिभेवरून नाव उतरलं ते त्यानंतर, हळूहळू. वाचताना ‘अदोनाय’, माझा प्रभू, म्हणायची रीत पडली. कुमरानच्या काही गुंडाळ्यांत बाकी मजकूर नव्या चौकोनी लिपीत आणि फक्त हे नाव जुन्या लिपीत आहे. ग्रीक भाषांतराच्या एका तुकड्यात ‘याओ’ आहे, म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकातही सगळीकडे बंदी नव्हती. मिश्ना या यहुदी नियमग्रंथाप्रमाणे प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक मंदिरात ते उच्चारी आणि लोक साष्टांग पडत. इ.स. ७० मध्ये मंदिर गेलं, तो प्रसंगही गेला. पुढे अनेक शतकांनी मासोरेत पंडितांनी, म्हणजे हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी, पाठाला स्वरचिन्हं दिली, तेव्हा या चार अक्षरांखाली वाचायच्या शब्दाचे, अदोनायचे, स्वर लिहिले. हे वाचकाला दिलेलं स्मरण होतं. मध्ययुगात लॅटिन जाणणाऱ्या ख्रिस्ती पंडितांनी दोन्ही एकत्र वाचून ‘येहोवा’ केलं, टिंडेलच्या १५३० च्या इंग्रजी भाषांतराने ते छापलं, आणि मिशनऱ्यांबरोबर ते आपल्याकडे ‘यहोवा’ होऊन आलं. मूळ उच्चाराचा सर्वांत जवळचा माग ग्रीक लेखकांत आहे: इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट ‘याउए’सारखं लिहितो, पाचव्या शतकात थिओडोरेट सांगतो की शोमरोनी लोक ‘याबे’ म्हणतात. म्हणून ‘यहवे’ किंवा ‘याह्वे’ हे रूप मान्य झालं आहे.

नावांच्या आत मात्र ते कुणी थांबवलं नाही. रायगडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांत मलिद्याच्या विधीच्या वेळी एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेतलं जातं. ‘एलियाहू’ म्हणजे ‘माझा देव याहू’. मराठी चर्चमध्ये ‘हल्लेलूया’ म्हणतात, त्याच्या शेवटीही ‘याह’ आहे. त्यामुळे कोणतं रूप वापरू असं कुणी विचारलं, तर माझं सांगणं साधं आहे. अभ्यासाच्या लिखाणात ‘यहवह’ ही चार अक्षरं लिहा, नाहीतर ‘याह्वे’. चर्चमध्ये ‘यहोवा’ चालतं, ते चुकीतून जन्मलं असलं तरी आता ती तिथली भाषा आहे. आणि समोर यहुदी माणूस असेल तर ‘अदोनाय’ही प्रार्थनेबाहेर घेऊ नका, ते स्वतः बोलताना ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’, एवढंच म्हणतात, आपणही तेच म्हणावं.